वीस सेकंद

शाळेच्या पाण्याच्या टाकीखाली
रेंजच्या दोन काड्या मिळतात. तिसरी कधीमधी.
तिथंच खुर्ची टाकली, मोबाईल डस्टरला टेकवला
आणि उमदीच्या पलीकडच्या या वस्तीवरून
भाषाशिक्षकांच्या परिषदेत जाऊन बसले.

नियम असा होता:
माणशी वीस चित्रं, चित्राला वीस सेकंद.
चित्र आपलं आपण पुढं सरकतं,
बोलणाऱ्याचं वाक्य संपलं का
ते विचारत नाही.

पहिले गृहस्थ शब्दसंपत्तीवर बोलले.
सातव्या चित्रात आंबा होता, आठव्यात मुलं हसत होती.
आंबा कशासाठी होता, मला अजून कळलेलं नाही.
दुसऱ्या बाई चांगल्या होत्या.
चूक ही खिडकी असते, म्हणाल्या,
आणि मी लिहून घेईपर्यंत
त्या श्रवणकौशल्यावर पोचल्यासुद्धा.
वहीत आता एवढंच आहे:
चूक ही खि

अशी पानभर अर्धी वाक्यं.
जतची यष्टी सुटताना पिशवी आत जावी
आणि बंद तेवढा आपल्या हातात राहावा, तशी.

तिसरा कुठल्याशा थंड देशातला पोरगा.
स्वेटरच्या बाह्या ओढत बोलत होता.
त्याचं चित्र त्याच्या पुढं पळालं.
तो बोलतोय मुलांच्या गप्प राहण्यावर
आणि मागं क्रियापदांचा तक्ता!
तो हसला, थांबला, पुन्हा धावायला लागला,
तेवढ्यात अकराव्या चित्रावर
माझी रेंज गेली.

डोंगराच्या अंगाला पवनचक्क्या फिरत होत्या.
चित्र तेवढं उभं.
एका मुलाचं उघडं तोंड,
शब्द बाहेर यायच्या जरासं आधीचं.
पुढचा एक दात पडलेला.

लायव्वाचाही तोच दात पडलेला होता
पहिलीत आली तेव्हा.
मी मूळची वाईची. मला कानडी ओ की ठो नाही,
तिला मराठी नाही.
ती भराभरा काहीतरी सांगायची
आणि मी म्हणायची, हळू. हळू, लायव्वा, हळू.
आठवडाभर.
सोमवारी तिनं दप्तरातून
खोकल्याच्या औषधाची धुतलेली बाटली काढली.
बाटलीत दूध. शेळीचं. अजून कोमट.

हालु म्हणजे दूध,
हे मला नोकरीच्या पाचव्या वर्षी कळलं,
वर्गाच्या दारात, बाटली हातात धरून.
सगळा वर्ग बघत होता.
प्याले. दुधाला औषधाचा बारीक वास होता.

मग तिला हळू म्हणजे काय ते दाखवायला
मी फळ्यापासून दारापर्यंत चालले,
एकेक पाऊल, गोगलगाईसारखी.
पोरं मागून आली, हसत, एकमेकांना ढकलत.
त्या दिवशी दुसरं काही शिकवलं नाही.
दैनिक टाचणात काय लिहिलं, आठवत नाही.
काहीतरी खोटं लिहिलं असणार.
जूनमधला तो सोमवार. लायव्वाच्या तोंडून
हळू हा शब्द, ळ सकट,
दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी आला.
तोही मला नाही,
पायरीवर धडपडलेल्या धाकट्या भावाला.

जून ते दिवाळी.
वीस सेकंदांत याची किती चित्रं होतात,
हिशोब करायला घेतला होता,
तर रेंज आली.

पोरगा विसाव्या चित्रावर होता.
मधली आठ कुठं गेली, कोण जाणे.
टाळ्यांचे पिवळे हात पडदाभर वर चाललेले,
आणि त्यांच्यामागं, वीस भाषांत
आभार.

मी आपली शोधत गेले. मराठी नव्हती.
खालच्या कोपऱ्यात कानडी होती, गोल गोल.
विजापूरच्या गाड्यांच्या पाट्या वाचून
मला थोडी अक्षरं येतात आता.
लायव्वा लावते तसं
बोट ठेवून लावायला लागले,
ध...
न्य...

आणि वीस सेकंद झाले.